पुणे-नागपूर जाताना सव्वा तास, मग येताना?

मी पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे दिवसभर फोन करणारी बाई. डिसेंबरात नागपूरला एक हार्ट उपलब्ध झालं, तिकडच्या यादीत जुळणारा पेशंट नव्हता म्हणून झेडटीसीसीकडून (अवयव कुणाला द्यायचा ते यादीप्रमाणे ठरवणारी समिती) आमच्याकडे आलं आणि आमची टीम छोटं चार्टर विमान घेऊन सकाळीच निघाली.

हार्टचं गणित भयंकर असतं. तिकडे क्लॅम्प लावून रक्तपुरवठा थांबवला की घड्याळ सुरू, साधारण चार तासांच्या आत ते इकडे नव्या छातीत धडधडायला पाहिजे. किडनीला चोवीस तास मिळतात तरी, हार्टला नाही. रस्त्याने नागपूर सातशे किलोमीटरच्या वर, त्यामुळे तो विषयच नाही. हवेतून सरळ रेषेत ६०० च्या आसपास.

सकाळी टीम सव्वा तासात नागपूरला उतरली होती, त्यामुळे ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सगळ्यांनी येतानाचाही सव्वाच तास धरलेला. दुपारी पायलटचा फोन आला, म्हणाले मॅडम येताना एक तास पस्तीस धरा, समोरून वारा आहे. थंडीत वरच्या हवेत वारा पश्चिमेकडून पूर्वेला जोरात वाहतो, म्हणजे सकाळी तो पाठीमागून ढकलत होता आणि आता तोंडावर येणार. पाचशेच्या स्पीडने उडणाऱ्या विमानाला समोरून ताशी ऐंशीचा वारा लागला की हातात चारशेवीसच उरतात ना.

वीस मिनिटांनी काय होतंय असं वाटेल, पण आमच्या पेशंटचं जुनं हार्ट कधी काढायचं ते विमान कधी उतरणार यावर ठरतं, उगाच आधी काढून माणसाला मशीनवर ताटकळत ठेवायचं का? सर्जन सरांना सांगितलं तर ते एकच म्हणाले, "मग आपण पण वीस मिनिटं थांबू." मग ट्रॅफिकच्या साहेबांना फोन, तर ते वैतागलेच, संध्याकाळी पावणेसातला येरवडा-बंडगार्डन अडवायचं म्हणजे "मॅडम नक्की वेळ सांगा हो, लोक मला खातील!" मी म्हटलं चाकं टेकली की फोन करते, तोवर सोडून ठेवा.

४:२० ला क्लॅम्प. बॉक्स भरून ग्रीन कॉरिडॉरने, म्हणजे मोकळ्या केलेल्या रस्त्याने, सोनेगाव विमानतळाला, ५:१० ला टेकऑफ. मधल्या वेळात माझ्याकडे करण्यासारखं काही नसतं, तरी मी फोन चार्जरला लावून त्याच्याकडेच बघत बसले (चहा आला होता, तो तसाच राहिला). ६:४४ ला पुण्यात लोहगाव विमानतळाला चाकं टेकली, ७:०२ ला बॉक्स ओटीच्या दारात, आठच्या जरा आधी हार्ट सुरू झालं. पावणेचार तासांच्या आत.

रात्री पायलटना थँक्यू म्हणायला फोन केला तर ते परत निघायच्या तयारीत, विमान नागपूरचंच होतं. म्हणाले आता काय टेन्शन नाही मॅडम, वारा पाठीशी आहे, सव्वा तासात घरी.