भुयारे पाहायला आलेली मंडळी आणि आग्वादचे पाणी

मे संपत आला होता. सांगलीच्या निवृत्त मंडळींच्या गटाने फोनवरच बजावले होते, "किल्ले रग्गड पाहिलेत, आम्हाला भुयारं दाखवा." गोव्यात गाईडगिरी करणाऱ्याला ही फर्माईश पाठ असते. इथल्या प्रत्येक किल्ल्याचे भुयार म्हणे नदीखालून पलीकडच्या गावात निघते. जांभ्याच्या डोंगरातून नदीखाली खोदत जायचे, तर पाण्याचे काय करणार, हे कुणी विचारत नाही.

शापोऱ्याचा किल्ला सकाळी सातलाच गाठला. उशीर झाला की चिरे तापतात आणि वर सावली नाही, पाणीही नाही. पायथ्याशीच माणशी एक लिटर घ्यावे. वाट छोटी, पण खडी सुटी आहे. घसरतो तो माणूस चढताना नाही, उतरताना. सध्याचा तट पोर्तुगीजांच्या १७१७ सालच्या बांधकामाचा. त्याआधी १६८४ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने ही जागा घेतली होती, नंतर १७३९ मध्ये सावंतवाडीकरांनी दोन वर्षे राखली. १८९२ पासून ती ओस आहे. भुयारांची तोंडे दाखवली, आत कुणालाही सोडले नाही. जांभा सच्छिद्र असतो. अस्तर नसलेल्या छतात पाणी मुरले की खपल्या सुटतात. शिवाय बंद पोकळीतली हवा. काडी पेटती राहिली म्हणजे हवा चांगली, हा समज घातक आहे, कारण विषारी वायूंचा पत्ता काडीला लागत नाही.

मंडळी जरा हिरमुसली. म्हणून जेवण लवकर घेतले, शिवोलीच्या एका घरगुती खाणावळीत. बांगड्याचे हुमण म्हणजे नारळाच्या वाटणाचा रस्सा, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर म्हणजे खोबरे घातलेली कोरडी कोशिंबीर, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. गटातल्या एका काकूंनी थेट स्वयंपाकघर गाठले, आणि ते बरेच झाले. सहा बांगड्यांना एका नारळाचे खोबरे, आठ-दहा ब्याडगी मिरच्या, चमचाभर धणे, हळद आणि लिंबाएवढी चिंच, सगळे गंधासारखे बारीक वाटायचे. फोडणी नाही, लसूण नाही. वाटण उकळले की मासे सोडायचे आणि भांडे नुसते हलवायचे. डाव घातला की बांगडा मोडलाच. तिरफळे सात-आठ, मात्र आतली काळी बी काढून, ठेचून, अगदी शेवटी. वाटणात घातली तर रस्सा कडवट होतो, हे काकूंच्या लक्षात राहावे म्हणून रांधणाऱ्या वहिनींनी तीनदा सांगितले. मासे न खाणाऱ्यांसाठी खतखते, म्हणजे मिश्र भाज्यांचा रस्सा, होते. त्यातही तिरफळ, वर गुळाचा खडा आणि भिरंडाची (कोकमाची) सोलां. माझ्या मते हुमणापेक्षा तेच सरस होते, पण हे मी तिथे बोललो नाही.

आग्वादला पोचलो तेव्हा आभाळ भरून आले होते. १६१२ साली पुरा झालेला हा किल्ला मुळात जहाजांना पाणी पुरवण्याचे ठाणे. वरच्या कोटात जमिनीखाली टाकी आहे, २३,७६,००० गॅलनची, म्हणजे एक कोटी लिटरच्या वर. गटातले एक काका पाटबंधारे खात्यात होते. त्यांनी खिशातली डायरी काढली. दोनशे माणसांचे जहाज, माणशी रोज चार लिटर, लिस्बनपर्यंत सहा महिने: सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार लिटर. "म्हणजे पंचाहत्तर जहाजं, आणि वर थोडं उरतंय," ते म्हणाले. मंडळींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी उमटले.

तेवढ्यात वळीव कोसळला. सगळे दीपगृहाच्या आडोशाला पळाले. हे दीपगृह १८६४ चे. काका मात्र छत्री उघडून फरसबंदीवरचे पाणी पाहत उभे राहिले. सपाट वाटणारे अंगण अजिबात सपाट नव्हते. गढूळ पाण्याची बोटभर धार भेगा सोडून एका अंगाने सरकत होती, आधी पालापाचोळा ढकलत, मग स्वच्छ. त्यांनी मला हाक मारली आणि छत्रीच्या टोकाने उतार दाखवला. "गाईडसाहेब, तुमचं भुयार हे बघा. माणसं पळवायला नाही, पाणी चालवायला."

मी इतिहास सांगायचो, उतार दाखवत नव्हतो. आता दाखवतो. बाटलीतले अर्धा पेला पाणी फरसावर ओतले तरी पुरते. ते कुठे वळते ते बघत चालले की कोरड्या खंदकाचे आणि तटाच्या भोकांचे कोडे निम्मे सुटते. तटातली सगळीच भोके बंदुकीची नसतात. तळाशी, बाहेर झुकलेले आणि खाली पाण्याचा काळा डाग असलेले भोक मोरीचे असते.

पावसानंतर चिऱ्यावरचे शेवाळ लगेच निसरडे होते, म्हणून खालच्या कारागृहाचे संग्रहालय त्या दिवशी सोडून दिले. पणजीत गाड्यावर रस-ऑम्लेट खाल्ले: दोन अंड्यांचे ऑम्लेट, त्यावर कोंबडीच्या शाकुतीचा (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याच्या रश्श्याचा) गरम रस, कच्चा कांदा, लिंबू आणि पोई, म्हणजे गोव्याचा गव्हाचा पाव. रस मागताना तिखट कमी करा म्हणू नये, तो मोठ्या टोपात आधीच तयार असतो. जास्त पोई घ्यावी.