बाळंतविडा: झबली झाली, कुंची अर्ध्यावर, स्वेटर बाह्यांशी

यंदा हातात बाळंतविडा आहे. भाचीचे दिवस श्रावणात भरतायत आणि यादी लांबलचक: झबली, लंगोट, दुपटी, कुंची, टोपरं, स्वेटर, मोजे. ताई म्हणाली, "अगं, खोक्यात घातलेला तयार सेट मिळतो, कशाला डोळे फोडतेस?" तो सेट मी दुकानात हातात घेतला आणि उलटा करून पाहिला. बाहेर ससे आणि ढग, आत ओव्हरलॉकचा टोचरा धागा आणि गळ्याशी नायलॉनचं लेबल. बाळाच्या अंगाला लागते ती आतली बाजू. म्हणून यावेळी कापण्यापासून काजापर्यंत एकच कसोटी ठेवली आहे: उलट बाजूवरून बोट फिरवायचं, कुठे अडलं की उसवायचं.

झबली पांढऱ्या मलमलीची केली. कापड रात्रभर पाण्यात ठेवून खळ काढली, सावलीत वाळवलं, मगच कात्री लावली. मलमल आटते, आणि एवढ्याशा कपड्यात अर्धा इंच गेला तरी बगलेत काचतं. नवजात बाळाची छाती साधारण १३ इंच भरते. मी घेर २० ठेवला. बेत बाराबंदीसारखा, पुढचा भाग एकावर एक येणारा, बाजूला कापडाचे बंद. गळ्याला नाडी अजिबात नाही, आणि डोक्यावरून ओढून घालायचा प्रकारही नाही. तान्ह्या बाळाची मान धरत झबलं चढवणाऱ्या नव्या आईला त्या वेळी दहा हात हवे असतात. कापड दुहेरी घडीवर बेतलं की खांदा आणि बाही सलग निघते, खांद्यावर जोड येत नाही. उरते ती बगलेखालची शिलाई.

तिथेच खरा वेळ गेला. काही झबल्यांना कडा दडवणारी दुहेरी टीप घातली: आधी सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर टीप, मार्जिन कापून निम्मं, मग उलटून पुन्हा पाव इंचावर. कच्ची कड आत गायब होते. पण बगलेच्या वळणावर ही टीप जाड बसते, कितीही दाबून इस्त्री केली तरी. म्हणून उरलेल्यांना शिलाई मुद्दाम बाहेर काढली आणि तिच्यावर फिक्या पिवळ्या रंगाची उरेब पट्टी बसवली. आतून सपाट, बाहेरून मुद्दाम केलेली नक्षी वाटते. माझं मत दुसऱ्या पद्धतीला. उरेब पट्टी मात्र खरोखर उरेब कापा, म्हणजे कापडाच्या कोनावर. काटकसर करून सरळ पट्टी कापली तर वळणावर चुण्या पडणारच.

मशीनला ११ नंबरची सुई लावा. ब्लाउजसाठी लावलेली १४ नंबरची मलमलीत भोकं पाडते. सुरुवातीलाच कापड सुईखालच्या धातूच्या पट्टीच्या भोकात खेचलं जात असेल तर खाली बटर पेपरचा तुकडा धरायचा, टीप झाली की फाडून टाकायचा. वर्तमानपत्र नको, पांढऱ्यावर शाई उतरते.

लंगोटांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. त्रिकोणी, जुन्या धोतराचे, ढीगभर.

दुपटी आईच्या सुती साड्यांची. उजेडाला धरून विरलेला भाग बाजूला काढला, पदराजवळचा धड भाग घेतला, छत्तीस इंचाचा चौरस. थर मात्र दोनच. पूर्वी चार थरांची दुपटी शिवत, मऊ आणि उबदार होत यात शंका नाही. पण श्रावणातलं बाळंतपण म्हणजे घरभर दोऱ्या आणि पंख्याखाली वाळत घातलेले कपडे. चार थरांचं दुपटं दोन दिवस ओलसर राहतं आणि कुबट वास धरतं. दोन थर संध्याकाळपर्यंत वाळतात. कच्चा टाका घालून थर जुळवले, मग कडेपासून आत चौकोनात धावदोरा. गाठ वर कुठे दिसत नाही, दोन थरांच्या मधे सरकवली आहे.

आता कुंची. बारशाला पाळण्यात घालताना ती हवीच, आणि ती खणाचीच हवी असा विहीणबाईंचा निरोप. खण गुळेदगुड्डचा, डाळिंबी रंगाचा. पन्हा लहान असल्यामुळे दोन्ही काठ हाताशी येतात. डोक्याच्या भागाला १४ इंच लांब, साडेसहा इंच रुंद पट्टी घेतली, लांबीतून मधोमध दुमडून मागची कड शिवली. माथ्यावर ते छोटं टोक येतं, त्याशिवाय कुंची कुंची वाटत नाही. खाली मानेशी चुण्या घालून पाठीवर सोडायचा घेर अजून जोडायचा आहे. खण उलटा करून पाहिलात तर नक्षीचे मोकळे धागे सुटलेले दिसतात, त्यात इवलं नख सहज अडकेल. म्हणून आतून सबंध मलमलीचं अस्तर. चेहऱ्यालगत काठ न आणता तो बोटभर मागे घेतला आणि गालाशी मलमलीचीच पाईपिंग दिली. बाजारातल्या कुंच्यांना मागे मोत्यांच्या माळा आणि गोंडे असतात. फोटोला झकास, पण बाळ झोपतं पाठीवर! माझ्या कुंचीला सगळी हौस माथ्याच्या टोकावर: रेशमाचा एक गोंडा, बास.

स्वेटर थंडीसाठी, तेव्हा बाळ चार-पाच महिन्यांचं असेल. १७ इंच छाती आणि दोन इंच सैल धरून १९, म्हणजे ४८ सेंटिमीटर. लोकर चारपदरी बेबी वूल, सुया १० नंबरच्या (नव्याने शिकणाऱ्यांसाठी: आपल्याकडे नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर). नमुन्यात दहा सेंटिमीटरला २८ टाके आले, म्हणून १३४ टाके घातले. मागचा भाग ६८, पुढचे दोन ३३-३३, आणि हे सगळं बगलेपर्यंत एकसंध विणलं. कुशीला जोडच नाही.

बाह्यांचे टाके मुंढ्यातून उचलून खाली विणत चालले आहे, दोन्हीकडे टोकं असलेल्या चार सुयांवर. इथेही शिवण टळते. शिवाय हात वाढले की कफ उसवून तिथूनच पुढे विणता येतो. दोन सुया मिळतात तिथे मात्र टाके सैल पडून शिडीसारखी उभी फट दिसते. पहिला टाका घट्ट ओढून भागत नाही, दुसराही ओढावा लागतो. त्याहून बरं म्हणजे दर फेरीला दोन टाके पुढच्या सुईवर सरकवत जायचं, जोड एका जागी राहतच नाही.

मोज्यांना दोनरंगी नक्षी घालणार नाही. आत सुटलेला धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. आडव्या पट्ट्या घालेन, टोकं आत ओवून पक्की करेन. घोट्याशी जाळीची एक ओळ आणि त्यातून पिळाची दोरी. टोपऱ्याला लोकर पुरेल का, ते उरलेला गुंडा काट्यावर ठेवून बघायचं आहे; त्याच लॉटची आता दुकानात नाही.

बोरन्हाणाच्या काळ्या झबल्याचं कापडही घेऊन ठेवलंय, चांदण्यांच्या बुट्टीचं. ते कापणार मात्र मार्गशीर्षात, बाळाचं माप घेऊन.