उलटं विमान आणि आईची बादली

खरं सांगतो, पीपीएल (खासगी वैमानिकाचं लायसन्स) हातात आलं तरी स्टॉलची, म्हणजे नाक फार वर जाऊन पंखांची उचल सुटते त्याची, भीती काय गेली नव्हती. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडालो, राजहंसगड खाली दिसायला लागला, सराव सुरू केला आणि स्टॉलचा हॉर्न वाजला की पोटात गोळा. आमची सेसना १७२ नॉर्मल कॅटेगरीत ३.८ जीची (म्हणजे वजनाच्या ३.८ पट भार सोसणारी), तिच्यात लूप-बीप, म्हणजे हवेत उभा गोल वगैरे, करायचंच नसतं. बीदरचे सूर्यकिरणवाले हॉक जेटवर असल्या कसरती करतात ते एअर फोर्सचे, माझ्यासारख्याला भीती मोडायला त्या शिकायची इथं जवळपास सोय मिळाली नाही, म्हणून अमेरिकेत चुलतभावाकडं गेलो तेव्हा सुट्टीचे दहा दिवस यातच घातले.

विमान सुपर डेकॅथलॉन, प्लस ६ मायनस ५ जी. मी पुढं, सर मागं, पाठीला पॅराशूट.

पहिल्यांदा स्पिन, म्हणजे स्टॉल होऊन गरगर फिरत खाली पडणं. थ्रॉटल मागं, नाक वर, स्पीड संपत आला तसा डावा रडर (शेपटीचं सुकाणू) पायानं पूर्ण दाबला आणि विमान कुशीवर पडलं, समोर नुसती जमीन गरगर, शेत, रस्ता, परत शेत. हात आपोआप स्टिक पोटाशी ओढायला जातो आणि नेमकं तेच चुकीचं, कारण अँगल ऑफ अटॅक (पंख समोरच्या हवेला भिडतो तो कोन) कमी झाल्याशिवाय पंख हवा धरतच नाहीत. थ्रॉटल बंद, एलेरॉन (पंखांच्या टोकाकडच्या झडपा) मधे, फिरतंय त्याच्या उलटा रडर, मग स्टिक पुढं. जमीन अंगावर येत असताना स्टिक पुढं ढकलायची! पुस्तकात हे शंभरदा वाचलेलं, हाताला पटायला तीन दिवस गेले.

लूप त्यामानाने सोपा वाटला. १४० मैलांचा स्पीड घेऊन ओढलं, साडेतीन जी, म्हणजे माझे ७० किलो २४५ झाले, जवळजवळ सिमेंटच्या पाच पोत्यांएवढं वजन. पाय, पोट आवळून धरायचं नाहीतर डोळ्यापुढं करडं होतं. रोलमधे, म्हणजे विमान कुशीवरून पूर्ण पालथं फिरवताना, मात्र पट्ट्यांवर लटकलो आणि फ्लोअरवरची बारीक माती उडून थेट तोंडावर.

आता इथं हॉर्न वाजला तरी हात शांत असतो.

घरी आल्यावर आईचा पहिला प्रश्न, "उलटं झाल्यावर खिशातलं पडत न्हाई काय रे?" म्हटलं, लूप नीट गोल काढला तर नाही पडत, पाण्याची बादली गरगर फिरवली तर पाणी सांडतंय का? ती काय बोलली नाही, परसात गेली, नळाखालची छोटी बादली अर्धी भरली, पदर खोचला आणि म्हणाली, "लांब हो जरा."