नंदुरबारची फुटबॉल वारी: भुसावळहून जाणाऱ्यांसाठी

तुमचा क्लब कुठल्या लीगमध्ये खेळतो, असं कोणी विचारलं की मी सांगते, बोलावतील तिथे. वर आयएसएल, खाली आय-लीग, तिची दुसरी पायरी, २०२३ पासून तिसरीही. मग राज्य, मग जिल्हा. ही सगळी उतरंड संपली की त्याच्याही खाली भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला आमचा संघ. लीग नाही, स्वतःचं मैदान नाही, पगारी कोच नाही. थंडीत खानदेशात गावोगावी निमंत्रितांच्या स्पर्धा भरतात, तोच आमचा हंगाम. यंदा पहिलं बोलावणं नंदुरबारहून आलं. पुढच्या वेळी निघणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. कोल्हापुरात तालमींचे संघ भिडले की शाहू स्टेडियम भरतं, पेठा पेठांवर तुटून पडतात. तसलं काही डोक्यात घेऊन येणार असाल तर येऊ नका. आमच्याकडे पाठीराखा म्हणजे बिनपगारी हमाल. बॉलचा पंप कोणाकडे, पाण्याचे कॅन कोण भरणार, जर्सी धुऊन कोण आणणार, सगळं आपणच. नुसतं बसून बघायचं असेल तर घरचा टीव्ही बरा.

जायला रेल्वेच धरा. जळगावहून सुरतेकडे फुटणारी ताप्ती व्हॅलीची लाइन उधन्यापर्यंत ३०६ किलोमीटरची, आणि नंदुरबार तिच्या साधारण मध्यावर. भुसावळहूनच सुटणारी सुरतची गाडी मिळाली तर उत्तम, कारण अख्ख्या संघाला एकत्र बसायला जागा मिळते. जळगावला चढायचं ठरवलंत तर किटची बॅग मांडीवर घेऊन उभं राहायची तयारी ठेवा. थांबत थांबत जाणाऱ्या गाडीने चार तास धरून चाला. दुपदरीकरण झाल्यापासून क्रॉसिंगसाठी ताटकळणं पुष्कळ कमी झालंय. खानदेश एक्सप्रेस सोयीची आहे, पण ती रोज नसते. वार बघून ठरवा. सकाळच्या प्रवासात उजवीकडची खिडकी पकडा. डावीकडे ऊन येतं, आणि हवा स्वच्छ असली तर उजवीकडे लांबवर सातपुडा दिसतो.

आमच्यासोबत नानाकाका होते. वडिलांचे दोस्त, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त, वय पंचाहत्तरच्या पुढे. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून ते मला मैदानावर नेत. माझ्याकडे चिरलेल्या लिंबांचा डबा असायचा, त्यांच्याकडे वही. ती वही अजून चालू आहे, म्हणजे तशाच लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या एकामागून एक. तारीख, गाव, स्कोअर, गोल कोणाचा, आणि शेवटच्या रकान्यात आपल्याकडून बघायला किती माणसं गेली. स्कोअरपेक्षा त्या रकान्याकडे त्यांचं लक्ष जास्त. गाडी हलली की ते डब्यात डोकी मोजतात. संघाची नव्हे, आमची.

धरणगाव गेलं, अमळनेर आलं. १९४५ साली विप्रो इथे वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली, आणि ज्यांच्या घरात जुने शेअर न विकता पडून राहिले त्यांच्या श्रीमंतीच्या कथा आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहेत. दरवेळी अमळनेर आलं की कोणीतरी म्हणतंच, "लोकांच्या आजोबांनी विप्रोचे शेअर घेतले, आमच्या आजोबांनी क्लबची वर्गणी भरली." यंदा हा मान आमच्या गोलकीला, म्हणजे गोलकीपरला मिळाला. तो केळीच्या वेफर्सच्या दुकानात कढईवर असतो, त्यामुळे आमच्याकडे वेफर्सना तोटा नाही.

गाडीत नव्या पोरांना नानाकाकांकडून धडा मिळतो, तोही ठरलेलाच. १९५८ साली ईस्टर्न रेल्वेने कलकत्त्याची लीग जिंकली. पी. के. बॅनर्जी त्याच संघातले, पुढे १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कप्तान. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन सोडून पुन्हा दुसऱ्या कोणाला ती लीग जिंकायला २०१९ उजाडलं. रेल्वेने संतोष ट्रॉफीही तीनदा नेली: १९६१-६२, १९६४-६५ आणि १९६६-६७. मग गाडी इंग्लंडला जाते. मँचेस्टर युनायटेड म्हणजे मुळात १८७८ साली न्यूटन हीथच्या रेल्वे कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला संघ. क्रू नावाच्या जंक्शनगावचा क्रू अलेक्झांड्रा क्लब १८७७चा, खालच्या डिव्हिजनांत वर-खाली करत राहतो, तरी लोक त्याला अजून 'रेल्वेमेन' म्हणतात. नानाकाकांना युनायटेडशी देणंघेणं नाही. जीव आहे तो क्रूवर. ते गाव त्यांनी कधी पाहिलेलं नाही. पण शनिवारी रात्री नातवाकडून क्रूचा स्कोअर विचारून घेतल्याशिवाय झोपत नाहीत.

नंदुरबारला उतरलात की बाहेर रिक्षा आहेत. सामान असेल तर भाडं आधी ठरवून घ्या, नसेल तर गावातल्या मैदानांवर चालत जाता येतं. स्पर्धा एका शाळेच्या मैदानावर होती. काळ्या मातीवर मुरूम पसरून रोलर फिरवलेला. पोरांना सांगून ठेवा, लोखंडी स्टड आणू नका, रबरीच हवेत. मुरमावर लोखंडी स्टड घसरतो आणि गुडघा सोलतो. प्रेक्षकांनी पश्चिमेची बाजू धरावी, म्हणजे दुपारनंतर ऊन पाठीवर येतं. पूर्वेला मांडव आणि पाहुण्यांच्या खुर्च्या असतात, तिथे डोळ्यांवर ऊन घेऊन पाहुणेच बसोत.

बायकांसाठी वेगळं सांगते, कारण हे कोणी लिहीत नाही. मैदानावर स्वच्छतागृहाची सोय नसेल असंच गृहीत धरा. शाळेचं असतं, पण त्याची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई लाइनमनच्या झेंड्यामागे. पोचल्या पोचल्या ती किल्ली ताब्यात घ्या. मी आता सामन्याआधी संघाची यादी देण्याच्याही आधी हे काम करते.

हिवाळ्यात नंदुरबारच्या आजूबाजूला मिरचीच्या पथारी असतात. मोकळ्या माळावर लाल मिरची वाळत घातलेली, नजर पोचेल तिथवर. दिसायला झकास. पण वारा तिकडून आला की घसा धरतो, आणि धावणाऱ्या माणसाचा जास्तच. आमचा डावा हाफ पहिल्या दहा मिनिटांत खोकून बेजार झाला. रुमाल ओला करून जवळ ठेवा, डोळे चोळू नका, आणि वॉर्मअप शक्यतो आडोशाला घ्या. तिथल्या पोरांना यातलं काहीच होत नाही.

पहिला सामना धुळ्याकडच्या एका संघाशी, वीस-वीस मिनिटांचा. तो २-१ने आपला. दोन्ही गोल कॉर्नरवर, त्यातला एक खांद्याला लागून गेला. लिहिताना नानाकाकांनी 'हेड' असंच लिहिलं. दुसरा यजमानांशी. आपण सातजण एका बाजूला, समोर अख्खं गाव. "पय रे भो, पय!" (पळ रे भाऊ, पळ) असा गलका उठला की आपल्या बॅकला गोलकीची हाक ऐकू येत नाही. पाठीराख्यांनी अशा वेळी काय करायचं, तर एका जागी गोळा होऊन ओरडायचं नाही. आम्ही टचलाइनवर पांगून उभे राहतो आणि आपल्या समोरच्या खेळाडूला नाव घेऊन सांगतो, मागे माणूस आहे, वळ, सोड. टाळ्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त. रेफरीने हटकलं तर मुकाट गप्प बसा. आणि त्याला शिव्या तर अजिबात नकोत. तो जवळच्याच एखाद्या शाळेतला पी.टी.चा मास्तर असतो, आणि पुढच्या गावच्या स्पर्धेतही शिट्टी त्याच्याच तोंडात असते. शिट्टीवरून आठवलं: गार्डाची शिट्टी कोणी आणू नये. नानाकाका पूर्वी आणायचे, पण ऐन चढाईत दोन्ही संघ थांबायला लागले. आता त्यांच्याकडे फक्त हिरवा झेंडा असतो, गोल झाला की दाखवायला.

गोल झालाच नाही. शून्य-शून्य, टायब्रेकर. पाच-पाच पेनल्टी. आपल्या गोलकीने दोन अडवल्या, दुसरी चक्क पायाने. तरी गेलो. शेवटची मारायला आपला स्टॉपर आला. पेनल्टीच्या ठिपक्यावर फक्कीचा ढीग झाला होता. त्याने तो बुटाने सारखा केला, बॉल ठेवला, पुन्हा उचलला, खालचा एक खडा काढून बाजूला टाकला, पुन्हा ठेवला. मग सहा पावलं मागे. मारला तेव्हा पांढरी धूळ उडाली आणि क्षणभर बॉल कुठे गेला तेच कळलं नाही. बारच्या वरून गेला होता. मैदानावर पोरं नाचायला लागली. नानाकाकांनी पेन्सिलला टोक केलं, स्कोअर लिहिला, रकान्यात सात लिहिले, आणि स्टॉपरला हाक मारली, "ये इकडं, केळं खा."

हरल्यावर काय बोलायचं याचाही आमच्याकडे शिरस्ता आहे: गाडीत बसेपर्यंत सामन्याबद्दल अवाक्षर नाही. आधी बूट, नेट, कॅन मोजून घ्यायचे. बॉल दोन नेले होते, दोनच परत आले पाहिजेत. यजमानांची लहान पोरं मोठी चलाख असतात.

परतीचं मात्र नीट ठरवा. स्पर्धा कधीच वेळेवर संपत नाही. टायब्रेकर, मग बक्षीस समारंभ, मग पाहुण्यांची भाषणं. संध्याकाळची गाडी चुकली तर एसटीने दोंडाईचामार्गे धुळे गाठा. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग भेटतात, त्यामुळे रात्री-बेरात्रीही भुसावळकडे काहीतरी मिळतं. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट, आणि नानाकाकांकडे रेल्वेचा पास वेगळाच. आमच्यात पुऱ्या भाड्याने फिरतात ती फक्त तरणी पोरं. दत्तजयंतीच्या सुमारास जाणार असाल तर सारंगखेड्याची यात्रा आणि घोडेबाजार लक्षात ठेवा. त्या दिवसांत दोंडाईचा-शहादा भागातल्या एसटीत पाय ठेवायला जागा नसते, लॉजही भरलेले असतात. शाल किंवा स्वेटर हवाच. दिवसा घाम फुटतो म्हणून घरी ठेवाल आणि रात्री धुळ्याच्या स्टँडवर कुडकुडाल.

खाणं सामना संपल्यावर. शेवभाजी मागवलीत तर तर्री वेगळ्या वाटीत मागा. "कमी तिखट करा" हे सांगून काही फरक पडत नाही, तिकडचं कमी तेवढंच असतं. खेळणाऱ्यांना आधी फक्त केळी आणि मीठ-साखरेचं लिंबूपाणी. केळी भुसावळहूनच न्या. जळगाव जिल्ह्यातून निघून बाहेर केळी विकत घेणं आमच्यात कमीपणाचं समजतात. भरीत-भाकरी घरून बांधून नेलीत तर जाताना गाडीतच संपवा, दुपारपर्यंत वांग्याला वास लागतो.

मिरची स्वस्त आणि चांगली मिळते, घ्याच. पण सामन्यानंतर घ्या, पोत्याचं तोंड दोनदा बांधा आणि जर्सीच्या बॅगेत अजिबात कोंबू नका. पुढचं बोलावणं चोपड्याचं आहे, तारीख पक्की झालेली नाही. येणाऱ्यांनी आधी कळवा, म्हणजे नेट कोणी धरायचं आणि पंप कोणी आणायचा ते वाटून घेता येईल. सध्याच्या पंपाची पिन वाकली आहे. कोणाकडे जादा असेल तर घेऊन या.