बारा दिवस नाही, पण सकाळचा एक तास मिळाला

आमच्या घरात भांडणं फार होत नाहीत, धुसफूस होते, आणि तीच जास्त थकवते. मामंजींना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचं उठवणं-बसवणं, सासूबाईंची चिडचिड, मुलाची बारावी आणि 'मी यात काय करू' असा नवऱ्याचा चेहरा. माझं बीपी वाढलेलं निघालं तेव्हा डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि जाता जाता म्हणाले, "योगा, मेडिटेशन, काहीतरी करा." हे 'काहीतरी' म्हणजे नेमकं काय, ते मलाच शोधायचं होतं.

पहिलं नाव डोक्यात आलं विपश्यनेचं, म्हणजे मौन पाळून करायच्या ध्यानाच्या शिबिराचं. आमच्या नागपूरजवळ कळमेश्वर रस्त्याकडे माहुरझरीला त्यांचं धम्म नाग केंद्र आहे, आणि ओळखीतल्या दोघी तिथे जाऊन आल्या होत्या. फी नाही, राहण्या-जेवणाचा खर्च आधीच्या साधकांच्या दानातून निघतो. पहाटे चारला घंटा, दिवसभरात दहा तासांच्या आसपास ध्यानाला बसणं, फोन जमा, आणि मौन. मला तर त्या मौनाचीच ओढ लागली होती! पण दहा दिवसांचं शिबिर म्हणजे आदल्या संध्याकाळी हजर व्हायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटायचं, मधेच निघून येणं नाही. एक किंवा तीन दिवसांची शिबिरं असतात, पण ती ज्यांनी आधी दहा दिवस केलेत त्यांच्यासाठी. अर्जात आजार आणि औषधांचीही विचारणा असते, आणि ती असायलाच हवी. इतका वेळ आत बघत बसणं प्रत्येकाला झेपेलच असं नाही.

घरी विषय काढला. नवरा म्हणाला, "तू बारा दिवस गेली तं बाबांकडे रात्री कोण उठीन?"

प्रश्न बरोबर होता. 'मी उठीन' हे उत्तर त्याला सुचलं नाही, इतकंच.

मोबाईलवरचे व्हिडिओ थोडे दिवस करून पाहिले. डोळे मिटले की आतल्या खोलीतून हाक यायचीच. घरात आहे म्हणजे मोकळी आहे, असाच सगळ्यांचा हिशेब. शिवाय त्यातला एक गुरू जोरजोरात कपालभाती करायला लावत होता, तेही बीपी कुणाला आहे का हे न विचारता.

शेवटी गेले ते घराजवळच्या बागेतल्या वर्गाला. नागपूरकरांना हे नवीन नाही. रामनगरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ १९५१ पासूनचं, आणि त्याचे विनामूल्य वर्ग शहरात ठिकठिकाणी चालतात. सतरंजी घ्यायची आणि जायचं. शिकवणाऱ्या ताईंनी आधी दुखणी विचारली. माझं ऐकून म्हणाल्या, "कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, करायचा नाही, जोराची कपालभाती नाही, डोकं खाली-पाय वर असलं काही नाही. आणि गोळी मनानं सोडायची नाही." मग उरलं काय? सावकाश हातापायांच्या हालचाली, श्वास न रोखता अनुलोम-विलोम, भ्रामरी (श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं) आणि शवासन. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून घेण्यापेक्षा सोडणं लांबवायचं, हे त्यांनी सांगितलं. मला यातलं हेच सगळ्यात उपयोगाचं वाटतं, कारण त्याला आसन लागत नाही. सासूबाई "आमच्या वेळी असं नव्हतं" सुरू करतात तेव्हा भाजी परततापरतताही करता येतं, आणि कुणाला कळतही नाही.

पण आसनांपेक्षा कठीण निघाली ती त्या एका तासाची वाटाघाट. मामंजी पहाटेच जागे होतात. त्यांचं तोंड धुणं, लघवीचं भांडं, चहा, हे माझ्या वर्गाच्या वेळात नवऱ्यानं करायचं, असं मी स्पष्ट सांगितलं. सुरुवातीला "आज राहू दे नं" रोजचंच होतं. मी चपला घालून निघायची. खरं सांगायचं तर माझा निम्मा ताण त्या वाटणीनंच उतरला असावा. श्वासाला सगळं श्रेय देणं मला पटत नाही. नणंदेलाही फोन करून महिन्यातून एक शनिवार-रविवार मागून घेतला. अमरावती काही लांब नाही.

उन्हाळ्यात नागपुरात उजाडता उजाडताच घाम फुटतो, तेव्हा आसनं कमी करायची आणि सावलीत नुसतं बसायचं. पाऊस असला की घरीच भ्रामरी. सासूबाईही खुर्चीत बसून गुणगुणायला लागल्या आहेत. मामंजी अडखळत म्हणतात, "कूलर बंद करा!" आणि त्या हसतात. गोळी अजून चालू आहे, धुसफूसही आहे, पण मला रात्री झोप लागते.

आता नवराच माहुरझरीचा अर्ज भरायचं म्हणतोय. मी म्हटलं, भर की! पण आधी तुझ्या बहिणीला फोन कर, रात्री कोण उठणार ते ठरव आणि मग तारीख बघ.