टॅग नसलेला मासा

युटा राज्यात जेन्सन गावाजवळ ग्रीन नदीच्या काठाला स्ट्युअर्ट लेक नावाची पाणथळ जागा आहे, तिथे मी सीझनल टेक्निशियन होतो तेव्हाची गोष्ट. पुराचं पाणी तिथे अडवून ठेवतात, उन्हाळा सरला की ते हळूहळू परत नदीत सोडतात आणि पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी आम्ही जाळं लावून मासे बघायचो. ऐकायला भारी वाटतं, पण प्रत्यक्षात गुडघाभर चिखल, कुजक्या गवताचा वास आणि टबच्या टब भरून बाहेरून आलेल्या जातींची पिल्लं, त्यातही कार्पच कार्प.

आम्हाला हवा होता रेझरबॅक सकर, या नदीतला धोक्यात आलेला देशी मासा. मोठा झाला की डोक्यामागे पाठीवर धारदार उंचवटा येतो, पण पिल्लाला तो नसतोच, त्यामुळे खाली वळलेलं तोंड बघा, पाठीवरच्या पराच्या काड्या मोजा, असं करत बसायचं. दुपारी असंच एक बोटाएवढं पिल्लू हाताला लागलं. मी दोनदा काड्या मोजल्या, मग बॉसने मोजल्या, त्याने काही न बोलता टॅग ओळखणारा रीडर त्याच्यावरून फिरवला. बीप नाही!

एरवी रीडर गप्प बसला की वैताग येतो, पण इथे तेच पाहिजे होतं. या नदीतले मोठे रेझरबॅक बहुतेक सगळे हॅचरीतून, म्हणजे मासे वाढवायच्या केंद्रातून सोडलेले, पोटात तांदळाच्या दाण्याएवढा पिट टॅग, म्हणजे नंबर असलेली चिप, असलेले. ते अंडी घालतात, पिल्लं निघतात, पण पुढे जगतच नाहीत. टॅग नाही म्हणजे हे पोरगं इथलंच, त्याच वर्षी नदीत जन्मलेलं.

आणि ते इथवर पोचलं कसं तर धरणाच्या पाण्यामुळे, ही खरी गंमत. 1962 मध्ये फ्लेमिंग गॉर्ज धरण भरण्याआधी, हौसेने गळ टाकून पकडायच्या ट्राउट माशाला जागा करायला म्हणून याच नदीत शेकडो मैल रोटेनॉन विष सोडलं होतं, देशी मासे म्हणजे कचरा असं तेव्हाचं मत. आता 2012 पासून वसंतात दिव्याच्या सापळ्यात रेझरबॅकची पहिली पिल्लं दिसली की धरणवाल्यांना कळवायचं, ते पाणी सोडतात, नदी काठ ओलांडते आणि पिल्लं जाळीच्या गेटमधून पाणथळीत वाहत येतात, मोठे कार्प मात्र बाहेरच अडतात.

संध्याकाळी शेजारचा एक शेतकरी पिकअप थांबवून विचारायला लागला, "काय, मिळाले का काही?" मला वाटलं टाइमपास करतोय. बॉस म्हणाला, नाही रे, त्याच्या कालव्याचं पाणीसुद्धा या आकड्यांना बांधलंय. धोक्यातल्या माशांना सावरायचा 1988 पासूनचा हा रिकव्हरी प्रोग्रॅम आहे, दरवर्षी फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस हे अमेरिकेचं सरकारी वन्यजीव खातं बघतं की माशांच्या बाबतीत पुरेशी प्रगती आहे की नाही, आणि ती असेल तरच दोन हजारांहून जास्त पाणी प्रकल्पांना धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्यापासून कवच मिळतं. म्हणजे मासा सावरला नाही तर शेतकऱ्याचीही पंचाईत, एकट्या पर्यावरणवाल्यांची नाही. मला तरी ही अट फार हुशारीची वाटली, प्रेमापोटी मासे मोजणारे किती असणार हो!

मी खुशीत येऊन म्हटलं, मग यंदाची प्रगती झक्कास दाखवता येईल. बॉस हसला नाही. म्हणाला, हे पिल्लू मोठं होऊन स्वतः अंडी घालायला आलं की मग मोजू, तोवर नदीत पाइक आणि बास हे शिकारी मासे आ वासून बसलेत. मग आम्ही त्याला टॅग टोचला, नंबर शीटवर चढवला आणि उरलेल्या कार्पकडे वळलो.