दोन्ही पायांची सूज आणि हाताला लागणाऱ्या गाठी

रात्र, दिवसभराची सूज सगळ्यात जास्त असते ती वेळ

'पाय सुजलेत, गाठीही आल्यात' हे एका दमात सांगितलं जातं आणि घोळ तिथेच सुरू होतो. सूज म्हणजे पेशींच्या मधल्या जागेत साचलेलं पाणी. गाठीला काठ असतो आणि तो बोटाला लागतो. दोन्ही एकाच पायावर दिसल्या तरी कारण एकच असेल असं नाही.

एकच पाय सुजला तर आधी त्या पायातच शोधायचं: शिरेत रक्ताची गुठळी, मार, जंतुसंसर्ग. दोन्ही सुजले की नजर वर न्यायची. हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन, आणि रोजच्या गोळ्या. गोळ्यांकडे फार वेळा दुर्लक्ष होतं, याचं वाईट वाटतं. बीपीसाठीची अ‍ॅम्लोडिपिन धमन्यांच्या बारीक फांद्या सैल करते, शिरा मात्र तितक्या सैल होत नाहीत. मग केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. 5 मिलिग्रॅमवर ठीक असलेले पाय 10 मिलिग्रॅमवर सुजू शकतात. या सुजेला लघवीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही, कारण शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, ते फक्त चुकीच्या जागी गेलेलं असतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही वेदनाशामकं, स्टिरॉइड, नसांच्या दुखण्यासाठीची प्रीगॅबालिन, मधुमेहासाठीची पायोग्लिटाझोन यांनीही पाय सुजतात. आपल्या मनाने काहीही बंद करू नये. कोणती गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला आणि सूज कधी दिसली, या तारखा कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.

आता अंगठ्याची परीक्षा. घोट्याच्या चार बोटं वर, नडगीच्या हाडावर अंगठा टेकवून 5 ते 10 सेकंद सावकाश दाबायचं. पोटरीवर नको, तिथे खाली हाड नसल्याने नीट कळत नाही. अंगठा उचलल्यावर कातडी लगेच वर आली तर ठीक. खळगा राहिला तर आत पाणी आहे. 2 मिलिमीटरचा खळगा सौम्य, 8 मिलिमीटरचा भरपूर. आधी डोळ्यांनी पाहा, मग त्याच जागेवरून बोट फिरवा. उथळ खळगा डोळ्यांना चकवतो, बोटाला नाही.

खळगा पडतच नसेल तर विचार बदलायचा. थायरॉइडच्या काही आजारांत कातडी जाड, कणकेसारखी होते. लसिकावाहिन्या, म्हणजे पेशींमधलं पाणी परत रक्तात नेणाऱ्या नळ्या, तुंबल्या असतील, हत्तीरोगात तुंबतात तशा, तर सुरुवातीला खळगा पडतो, पुढे कातडी घट्ट होत जाते. तेव्हा पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून पाहावी. ती उचलता येत नसेल तर लसिकावाहिन्यांकडे बोट जातं.

आणि एक आजार, ज्याला वर्षानुवर्षं नुसता लठ्ठपणा म्हटलं जातं: लिपेडिमा. 1940 साली अ‍ॅलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, तरी अजून तो चटकन ओळखला जात नाही. जवळजवळ फक्त स्त्रियांना होतो. नितंबांपासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय सारखेच जाड, पावलं मात्र नेहमीसारखी. घोट्याशी कडं घातल्यासारखी रेघ. दाबलं की दुखतं, जरा लागलं की काळंनिळं होतं, आणि कातडीखाली वाटाण्यासारखे दाणे हाताला लागतात. पाय उंच ठेवून किंवा वजन घटवून हे फारसं ओसरत नाही. अशा बाईला 'कमी खा' एवढंच सांगून परत पाठवणं अन्यायाचं आहे.

बाकीच्या गाठी बोटाने बऱ्याच उलगडतात. चरबीची गाठ मऊ, न दुखणारी, कडेला दाबली की बोटाखालून निसटते. दोन्ही नडग्यांवर लाल, गरम, हात लावू न देणाऱ्या 1 ते 5 सेंटिमीटरच्या गाठी आल्या तर ते एरिथेमा नोडोसम, म्हणजे कातडीखालच्या चरबीचा दाह, असू शकतं. त्या फुटत नाहीत, मुक्या मारासारख्या रंग बदलत 3 ते 6 आठवड्यांत विरतात. पण मागचं कारण शोधावंच लागतं: घशातला जंतुसंसर्ग, क्षय, सार्कॉइडोसिस (फुप्फुसांसारख्या अवयवांत दाहाच्या बारीक गाठी करणारा आजार), आतड्याचा दाह, एखादं औषध. उभं राहिल्यावर फुगणारी आणि आडवं झाल्यावर बसणारी वेडीवाकडी गाठ बहुधा शिरेची. तीच दोरीसारखी कडक, लाल, दुखरी झाली तर आत रक्त गोठलं आहे. जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, आलं तर पावलावर, बोटांच्या बेचक्यांत जखम आहे का ते पाहावं. 5 सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोल, टणक किंवा वाढत जाणारी गाठ दुखत नसली तरी थांबायचं नाही, सोनोग्राफी करून घ्यायची.

तपासण्यांत लघवीतली प्रथिनं सगळ्यात आधी; साधी चाचणी आहे, तरी राहून जाते. लघवीला टिकणारा फेस आणि सकाळी डोळ्यांभोवती सूज असेल तर मूत्रपिंडावर संशय घ्यावा. रात्रभर आडवं राहून पाय उतरत असतील तर शिरांच्या झडपा किंवा दिवसभराचं उभं राहणं याकडे पाहावं. उताणं झोपल्यावर दम लागत असेल तर हृदयाकडे. छातीत दुखणं, अचानक दम लागणं, तापासह पसरणारा लालपणा, गरोदरपणात डोकेदुखीसह चेहऱ्यावर सूज, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना.

दाबाचे मोजे सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवायचे, सूज भरल्यावर ते नीट बसत नाहीत. मधुमेह असेल, धूम्रपान असेल किंवा चालताना पोटऱ्या भरून येत असतील तर आधी पायाच्या धमन्यांचा रक्तप्रवाह तपासून घ्यावा. तिथे आधीच रक्त कमी पोचत असेल तर घट्ट मोजा पायाला इजा करतो.

वहीत रोज तीन ओळी पुरतात: सकाळी लघवीनंतरचं वजन, दोन्ही पोटऱ्यांचा घेर, खळग्याची खोली. घेर गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीवरच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली, पेनाने खूण करून रोज तिथेच मोजायचा. दोन-तीन दिवसांत वजन 2 किलोने वाढलं, किंवा दोन पोटऱ्यांत 3 सेंटिमीटरहून जास्त फरक पडला, तर वही मिटून सरळ डॉक्टरांना फोन करायचा.